शालीखालचा हात

माणसाच्या खांद्यावर शाल पडते, तेव्हा समाज आपल्या डोक्यावरचं ऋण थोडं हलकं करत असतो. हे वाक्य माझं आहे. नांदेडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, आणि ग्रंथपालाला काही काम नसतं अशी सर्वांची खात्री असल्यामुळे आसपासच्या सत्कारांची सन्मानपत्रं लिहायला माझ्याकडे येत. वाक्य बरं उतरलं म्हणून ते मी निवृत्त मुख्याध्यापकांना वापरलं, पोस्टमास्तरांना वापरलं, एका पहिलवानाला वापरलं. पुढे लोक मला न विचारताही वापरू लागले. कुणाची हरकत आली नाही. शालीखाली काय झाकलं जातं, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो लातूरला पडला, आईच्या बाबतीत, आणि तोवर उशीर झाला होता.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर उदगीरकडचं. तिथून काही कानडी शब्द तिच्याबरोबर चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी आले, त्यातला हा एक. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ती ते डाव्या तळहातावर ठेवते, उजव्या हातानं भस्म आणि बेल वाहते आणि त्याच्याकडे बघत बसते. तोवर पाण्याचा घोट नाही. देऊळ लागत नाही, पुजारी लागत नाही, फक्त डावा तळहात लागतो. लिंग माझंही आहे. ते चाळीस वर्षं कपाटात आहे. अव्वाला हे माहीत आहे आणि त्याबद्दल ती कधी भांडली नाही, हे मला भांडणापेक्षा जड जातं.

तिच्या गळ्याला गाठ झाली होती. थायरॉईडची. लातूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. गळ्यातली डबी काढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, अंगावरून उतरणार नाही. सर्जन मॅडम समजूतदार होत्या. डबी निर्जंतुक कापडात गुंडाळून उजव्या दंडाला बांधली. ऑपरेशन नीट झालं.

दुसऱ्या दिवशी अव्वाच्या ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. मग बोटं आपोआप आत वळायला लागली, पक्ष्याच्या पायासारखी. अशा ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, असं कळलं. कॅल्शियमचं सलाईन सुरू झालं. दीड दिवस ते उजव्या हातातून चाललं, मग ती शीर बंद पडली. सिस्टर डावा हात चाचपू लागल्या.

"बाई, त्या हाताला नको. तो देवाचा हाय."

"आजी, उजव्याला जागाच न्हाई राहिली हो. किती टोचू तुम्हाला?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "दोन दिवसांचा प्रश्न आहे अव्वा. सुई हाताच्या पाठीवर, पूजा तळव्यावर. देव काय एवढं मनावर घेत नसतो."

"तुला काय म्हाईत? तुझा तर कपाटात हाय."

सिस्टरना यातलं काही कळलं नाही. पण अव्वानं हात पुढे केला.

संध्याकाळच्या राऊंडला मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काका, हे साधं सलाईन नाही. शिरेत राहिलं तर औषध, बाहेर झिरपलं तर कातडी जाळतं. सिस्टर दर तासाला हात बघतील. पण तुम्ही बसलेलेच आहात. आजी म्हणाल्या दुखतंय, आग होतेय, किंवा हात सुजलेला दिसला, तर लगेच हाक मारा. थोडं थांबून बघू, असं करू नका."

मी मान हलवली. माझ्या खिशात पेन होतं, समोर कागद होता. मी लिहूनसुद्धा घेतलं.

सकाळी तिची पूजा सुईसकट झाली. नऊच्या सुमाराला नवीन बाटली लावली. साडेनऊला वॉर्डात सहा-सात कार्यकर्ते शिरले. पाठोपाठ केळी, मोसंबी आणि बिस्किटपुड्यांच्या पिशव्या, ज्यांच्यावर भाऊंचा हसरा फोटो. भाऊंचा वाढदिवस होता. लातूरजवळच्या मुरुडला मोफत नेत्रतपासणी शिबिराचं उद्घाटन करून ते इथे फळवाटपाला येणार होते. शिवाय वॉर्डातल्या ज्येष्ठ मातेचा सत्कार होता.

ज्याच्या हातात यादी होती त्यानं खाटांवरून नजर फिरवली. सात नंबरच्या म्हाताऱ्या आजीला सोनोग्राफीला नेलं होतं. तो आमच्यापाशी थांबला.

"आजी, वय किती तुमचं?"

"असंल सत्तर-पंच्याहत्तर."

"चालतंय."

त्यांनी अव्वाला उशीला टेकवून बसवलं. अंगावर शाल टाकली, जाड, भगव्या काठाची. मांडीवर नारळ दिला आणि तो घरंगळू नये म्हणून तिचे दोन्ही हात त्याच्यावर ठेवून वरून शाल नीट ओढून घेतली. सुई, नळी, चिकटपट्टी, सगळं आत गेलं. एकानं मोबाईलवर फोटो काढून बघितला. "एक नंबर. आता हालू नका आजी, भाऊ मुरुडहून निघालेत."

दर तासाला हात बघणाऱ्या सिस्टरना औक्षणाचं ताट देऊन दाराशी उभं केलं.

मुरुडहून निघालेला पुढारी म्हणजे काय असतं, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. एकजण सारखा फोन कानाला लावून सांगत होता, "यायलेत, यायलेत." मी खुर्चीत बसून हा सगळा प्रकार मनातल्या मनात लिहून काढत होतो. वाक्यं चांगली सुचत होती. तेवढ्यात अव्वा हळूच म्हणाली,

"आप्पा, हात आग करायलाय."

"कोणता?"

"डावा. नारळ काढ की जरा."

यादीवाल्यानं ऐकलं. "आजी, पाचच मिनिटं. पायरीवर आलेत भाऊ."

आणि मी म्हणालो, "थोडं थांब अव्वा. फोटो झाला की काढू."

हे मी म्हणालो. यादीवाला नाही, सिस्टर नाही. खिशात मॅडमचं बोलणं लिहिलेला कागद होता. समारंभांना आयुष्यभर हसलेला माणूस समारंभात अडथळा नको म्हणून गप्प बसला. अव्वानंही पुन्हा तक्रार केली नाही. चार माणसं आपल्यासाठी उभी असताना कण्हायचं नसतं, असं ती मानते. ओठ मिटून ती समोर बघत राहिली. आम्हाला वाटलं, फोटोसाठीच.

भाऊ पावणेअकराला आले आणि चार मिनिटांत गेले. ओवाळणी झाली, फोटो झाला, अव्वाच्या हातात एक मोसंबं द्यायचा प्रयत्न झाला, ते तिनं घेतलं नाही. गर्दी पांगल्यावर सिस्टर ताट ठेवून धावत आल्या आणि शाल बाजूला केली.

हात माझ्या आईचा नव्हता. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत फुगलेला, ताणलेला, मधोमध राखेसारखा पांढुरका. बांगड्या रुतल्या होत्या. थेंब मात्र शांतपणे पडत होते.

सिस्टरनी आधी नळी बंद केली. सुई उपसून काढतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तिला हात लावला नाही आणि मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या. त्याच सुईला रिकामी सिरिंज जोडून जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढलं. फार आलं नाही. मग सुई काढली. बांगड्या कापल्या. सुजेच्या कडेनं निळ्या पेननं रेघ आखली, वेळ लिहिली, आणि हात सलाईनच्या स्टँडला उंच बांधला. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, मिठाच्या पुरचुंडीनं शेकून चोळा, उतरंल. मॅडम पहिल्यांदाच ओरडल्या. "कुणी चोळायचं नाही, शेकायचं नाही!"

मग माझ्याकडे वळल्या. "हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं. ते कडेनं टोचलं तर आत साचलेलं औषध पसरून शोषलं जातं. जितकं लवकर तितकं बरं. आपल्याकडे संपलंय. मेडिकलमध्ये फिरू नका, वेळ जाईल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदूच्या वेळी भूल द्यायला ते वापरतात, त्यांच्या फ्रिजमध्ये असतं."

मी हाताला लागली ती पिशवी घेऊन निघालो. पहिल्या डोळ्यांच्या दवाखान्याला कुलूप होतं. दुसऱ्याला कुलूप होतं आणि दारावर पाटी: शिबिरामुळे आज ओपीडी बंद. लातूरचे नेत्रतज्ज्ञ त्या दिवशी मुरुडच्या जनतेचे डोळे तपासत होते. तिसऱ्या दवाखान्यात एक पोक्त बाई फरशी पुसत होत्या.

"डॉक्टर न्हाईत."

"मला डॉक्टर नको, फ्रिजमधलं इंजेक्शन पाहिजे." मी नाव सांगितलं. मॅडमची चिठ्ठी दाखवली.

"सायबांनी सांगितल्याबिगर फ्रिज उघडत न्हाई मी."

"माझ्या आईचा हात जाईल हो, मावशी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पोछा बादलीत टाकला, हात पदराला पुसले. "दम धरा. लावते फोन." फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी दाराशी उभा राहून भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होतो, सगळ्यात खालची ओळसुद्धा मला स्वच्छ दिसत होती. पाचव्या वेळी फोन उचलला गेला. पलीकडे कर्ण्यावर कुणीतरी भाऊंचे गुण सांगत होतं. मावशींनी फोन माझ्या हातात दिला आणि मी ओरडून सगळं सांगितलं.

"काय गेलंय बाहेर?" डॉक्टर ओरडले.

"कॅल्शियम!"

"किती वेळ झाला?"

हा प्रश्न मी टाळत होतो. "तास होऊन गेला. जास्तच."

"मावशीला द्या फोन. दोन व्हायल घेऊन जा. गार ठेवा."

कोपऱ्यावरच्या ज्यूसच्या गाड्यावरून बर्फ मागून घेतला आणि पिशवीत टाकला. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, पिशवी फळवाटपाची होती. भाऊ घाम फुटल्यासारखे ओले होऊन माझ्या मांडीवर हसत होते. एरवी या दृश्यावर मी चार ओळी लिहिल्या असत्या. त्या वेळी मी फक्त म्हणत होतो, पोचू दे. कुणाला म्हणत होतो ते ठाऊक नाही. कपाटातल्याला म्हणायचा मला हक्क नव्हता.

बारीक सुईनं मॅडमनी आखलेल्या रेघेच्या कडेनं पाच ठिकाणी टोचलं. अव्वा छताकडे बघत होती.

"आता?" मी विचारलं.

"आता बघायचं."

"वाचेल ना हात?"

"काका, खोटं सांगत नाही. लवकर मिळालं असतं तर बरं झालं असतं." मॅडम कुणाचं नाव न घेता गेल्या.

संध्याकाळी वॉर्डाचे मुख्य आले, सिस्टरना कागदावर काय लिहायचं ते सांगायला: रुग्णाच्या हालचालीमुळे सुई सरकली. रुग्ण तर सव्वा तास हललीच नव्हती, हालू नका असं तिला बजावलं होतं. सिस्टरनी रडत रडत का होईना, पण लिहिलं, "सत्काराची शाल काढल्यावर आढळून आले." त्या दवाखान्यात मी वाचलेलं ते सर्वांत चांगलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरंच संकट उभं राहिलं. कॅल्शियम आता गोळ्यांनी पोटातून द्यायचं होतं, आणि अव्वा पाणी घेईना. डावा हात स्टँडला टांगलेला, पूजा झालेली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. तिच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा वळू लागली. मी गावच्या स्वामींना फोन लावला. ते म्हणाले, आजारपणात मनानं पूजा केली तरी पोचते. मी फोन तिच्या कानाला धरला. तिनं ऐकून घेतलं.

"त्यांना काय लागतंय बोलायला. त्यांचा हात चांगला हाय."

"अव्वा, गोळी घेतली नाहीस तर फिट येईल. मग सगळंच..."

"मग यिऊ दे."

मी आयुष्यात वाचलेल्या पुस्तकांतून काही आठवतंय का ते बघितलं. काही आठवलं नाही. शेवटी मी खाटेशी गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, चूक माझी आहे, शिक्षा तू घेऊ नकोस. तिनं उजवा हात पुढे केला. मग म्हणाली, "डबी सोड दंडाची." वळलेली उजवी बोटं मी एक एक करून उघडली. तिनं लिंग उजव्या तळव्यावर घेतलं, जन्मात पहिल्यांदा. बेल वाहायला दुसरा हात नव्हता. नुसतंच बघितलं, दोन मिनिटं. मग गोळी घेतली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी हाताच्या पाठीवरचा पांढुरका भाग काळा पडला, पुरीएवढा. रेघेबाहेर गेला नाही, म्हणजे इंजेक्शन अगदीच वाया गेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मेलेली कातडी काढून नवी लावावी लागेल, खाली बोटांच्या दोऱ्या आहेत, त्या उघड्या पडायच्या आत. प्लास्टिक सर्जन नांदेडला होते, माझं घरही.

लातूर ते नांदेड गाडीत अव्वानं हात खांद्याच्या वर धरून ठेवला, तशी सक्त ताकीद होती. चाकूरला गतिरोधकावर गाडी मंदावली तेव्हा चहाच्या टपरीवरच्या दोघांनी तिला ओळखून हात वर केले. लोह्याजवळ एका अनोळखी माणसानं नमस्कार केला. अव्वा कुणाला आशीर्वाद देत नव्हती. ती दातावर दात दाबून बसली होती.

सर्जन कमी बोलणारे होते. काळा भाग काढला, दोनदा साफ केलं, मांडीची पातळ कातडी काढून हाताच्या पाठीवर लावली. आठ दिवस पट्टी उघडायची नव्हती. ते आठ दिवस मी घरातल्या घरात फिरत होतो. कातडी धरेल की सडेल हे पट्टीच्या आत ठरत होतं आणि मला पुन्हा एका झाकलेल्या हाताकडे बघत बसायचं होतं. या वेळी दर तासाला विचारत होतो, दुखतंय का, आग होतेय का. शेवटी ती म्हणाली, "आता इचारायलास व्हय?" तिनं ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पट्टी उघडली. कातडी धरली होती. एका कोपऱ्यात थोडी गेली होती, तेवढी भरून येणार होती. मग महिनाभर बोटांचे व्यायाम. शेवटच्या तपासणीला सर्जननी तिला मूठ मिटायला सांगितली. बोटं अर्ध्यावर थांबली. त्यांनी स्वतः दाबून बघितलं. पाठीची कातडी ताणून पांढरी झाली.

"आजी, मूठ पूर्ण मिटणार नाही आता. दोन बोटं राहतील अशीच. मला वाईट वाटतंय."

"मूठ कशाला पायजे?" अव्वा म्हणाली. "तळवा उघडतो का तेवढं सांगा."

सर्जननी माझ्याकडे बघितलं, मग तिचा हात उलटा करून बोटं सरळ केली. तळवा सपाट उघडला.

"उघडतोय की. पण सगळे मुठीचं विचारतात."

"इचारू दे."

आता ती गावी आहे. पिळायचं, चिरायचं, बादली उचलायचं काम डाव्या हातानं होत नाही. तळव्याला पूर्वीसारखा खोलगटपणा येत नाही, लिंग घरंगळतं. म्हणून ती डाव्या हाताखाली उजवा धरते आणि बेल वाहायला माणूस लागतं. मी गावी असलो की मी वाहतो. आपलं लिंग मी कपाटातून काढलेलं नाही, आणि तिनं ते काढ म्हटलेलं नाही. बेलाचं पान कसं धरायचं ते मात्र ती मला रोज नव्यानं सांगते.

मागच्या महिन्यात एक कार्यकर्ता गाव शोधत आला. छपाईला उशीर झाला म्हणून सन्मानपत्र राहून गेलं होतं, ते काचेच्या चौकटीत बसवून आणलं होतं. दवाखान्यात काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि अव्वानं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी चष्मा लावून वाचलं. पहिलं वाक्य माझं होतं, ऋणाचं. खाली लिहिलं होतं: वॉर्डातील सर्वांत ज्येष्ठ माता, वय वर्षे ब्याण्णव, खाट क्रमांक सात.

अव्वा नऊ नंबरला होती.